मातीवरचा ठसा

आमच्या घरच्या देव्हाऱ्यात, डाव्या कोपऱ्यात, तांब्याचा एक लहानसा गडू असे. त्याचे तोंड झाळून बंद केलेले होते. आजोबा काशीयात्रा करून आले, गावात त्यांनी मावंदे घातले आणि सोबत आणलेले गंगेचे गडू सोयऱ्याधायऱ्यांत वाटले. त्यांतला हा एक आमच्यासाठी राहिला होता. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत असा गडू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला असतो, आणि घरातील कुणाची अखेरची घटका आल्यावाचून तो फोडायचा नसतो, हे श्रोत्यांपैकी अनेकांना ठाऊक असेल. लहानपणी, ज्या वयात मुले नाही ते प्रश्न विचारतात त्या वयात, मी आजीला विचारले होते, ‘आजी, ह्यात खरंच गंगेचं पाणी आहे हे कशावरून?’ आजी पूजेची उपकरणी पुशीत होती. मान वर न करताच ती म्हणाली, ‘अरे, तोंड बंद आहे ना त्याचं? मग झालं तर!’

त्या उत्तराने माझे समाधान झाले नव्हते. पुढे एम. ए. झालो, सरकारी नोकरीत शिरलो आणि शिक्का, सही, मोहर, खरी नक्कल ह्यांच्या राज्यात वावरू लागलो, तेव्हा आजीचे ते वाक्य मला निरनिराळ्या वेळी आठवत गेले. त्याचा पुरता अर्थ मात्र कळला तो काशीत, आणि तोही कोणत्या मंदिरात नव्हे. राजघाटच्या मातीत सापडलेल्या, अंगठ्याच्या नखाहून फार मोठ्या नसलेल्या काही ठशांच्या निमित्ताने तो कळला. आज त्याच ठशांविषयी बोलावे असा विचार आहे.

काशीला जाणारा यात्रेकरू बहुधा दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा ह्या घाटांवर जातो. मराठी माणूस असेल तर दुर्गाघाट, ब्रह्माघाट ह्या बाजूला त्याचे पाय आपोआप वळतात, कारण तेथील गल्ल्यांत आपली भाषा आजही कानांवर येते. राजघाटाकडे मात्र फारसे कोणी फिरकत नाही. गंगेवरील मालवीय पूल जेथे काशीच्या बाजूला टेकतो, तेथे नदीकाठी एक उंचवटा आहे. १८८७ साली हा पूल खुला झाला आणि आगगाडी ह्या उंचवट्याच्या अंगावरून धावू लागली. पुढे १९३९-४० च्या सुमारास काशी स्थानकाच्या वाढीसाठी रेल्वेचे मजूर येथे माती खोदू लागले, आणि कुदळीबरोबर भिंती, मडकी, मातीच्या मूर्ती, मणी आणि मुद्रा वर येऊ लागल्या. रुळांखाली भराव घालण्यासाठी जी माती उपसली जात होती, ती जुन्या वाराणसीची होती. पुरातत्त्व खात्याच्या वतीने कृष्णदेव ह्यांनी १९४० मध्ये तेथे उत्खनन केले. नंतर १९५७ पासून आणि पुढे १९६० च्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वतीने अ. कि. नारायण आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ते काम पद्धतशीरपणे चालविले. इसवी सनापूर्वी सुमारे आठव्या शतकापासून ह्या जागी माणसांची वस्ती होती, असे त्यातून दिसून आले.

ह्या मातीतून निघालेल्या पुष्कळ वस्तू आज विश्वविद्यालयाच्या भारत कला भवनात आहेत. रायकृष्णदासांनी १९२० साली स्थापन केलेला हा संग्रह १९५० मध्ये विश्वविद्यालयात आला. वासुदेवशरण अग्रवालांनी राजघाटच्या मृण्मूर्तींवर जे लिहिले आहे, ते वाचून गेलेल्या माणसाला त्या दालनातून पाय काढवत नाही. गुप्तकाळातील स्त्रियांच्या केशरचना, कुरळ्या बटांच्या ओळी, मोराच्या पिसाऱ्यासारखे पसरलेले केस असे सगळे त्या एवढ्याएवढ्याशा मुखांवर आहे. पण माझ्या धंद्याने म्हणा किंवा खोडीने म्हणा, माझे लक्ष मुद्रांकडे गेले.

मुद्रा म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. ज्याच्यावर अक्षरे किंवा चित्र उलटे कोरलेले असते तो शिक्का. तो दगडाचा, धातूचा, हस्तिदंताचा असे. पुष्कळदा अंगठीतच बसविलेला असे. पत्राला, गाठोड्याला किंवा पेटीला दोरी बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर शिक्का दाबायचा. माती वाळली की ठसा पक्का. गाठ सोडायची तर माती फोडावीच लागते. म्हणून माती अखंड असेल तर आतला माल अस्पर्श आहे असे समजायचे. अशा मातीच्या गोळ्यांच्या पाठीवर कित्येकदा दोरीचा वळ उमटलेला असतो. दोरी कुजून गेली, माल केव्हाच संपला, मालक आणि गिऱ्हाईक दोघांची हाडेही उरली नाहीत; पण एका दुपारी कोणा एका मुनिमाने अंगठ्याने दाबलेली ती माती तशीच आहे.

राजघाटच्या ह्या ठशांत एक अनपेक्षित गोष्ट निघाली. त्यांतील काहींवर ग्रीक देवता आहेत. विजयाची पंख असलेली देवी नायकी, शस्त्रधारी पॅलस अथीना, अपोलो आणि हेराक्लीज. काहींवर नुसती मुखे आहेत, नाण्यांवर राजांची असतात तशी. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, जेथे शंकराच्या त्रिशूळावर नगरी उभी आहे अशी श्रद्धा, त्या वाराणसीत कोणी माणूस आपल्या गाठोड्याच्या गाठीवर अथीनेची मुद्रा उमटवीत होता!

हे पाहून पहिला विचार मनात येतो तो असा, की काशीत ग्रीक किंवा रोमन लोकांची पेठ असेल. तसे मानण्याची गरज नाही. वायव्येकडे राज्य केलेल्या यवन राजांच्या नाण्यांवर ह्याच देवता आहेत. मिनँडर, ज्याला आपण ‘मिलिंद’ म्हणून ओळखतो, त्याच्या रुप्याच्या नाण्यावर वज्र फेकणारी अथीना आहे; अपोलोडोटसच्या नाण्यावर अपोलो आहे; डिमिट्रियसच्या नाण्यावर हेराक्लीज उभा आहे. ही नाणी राजांच्या मागे फार काळ टिकली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने सागरी व्यापाराची माहिती देणारे ‘पेरिप्लस’ नावाचे पुस्तक लिहिले, त्यात भडोचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस ह्यांची जुनी नाणी अजून चालतात अशी नोंद आहे. नाण्यावरची आकृती हातोहात फिरते. ती सुबक आहे, ओळखीची आहे आणि तिच्यामागे चोख रुप्याची आठवण आहे. शिक्के कोरणाऱ्या कारागिराने ती उचलली तर नवल ते काय?

ह्या देवता त्या काळी पश्चिमेकडे कोणत्या घरांत, कोणत्या कामावर होत्या, हे पाहिले म्हणजे राजघाटच्या मुद्रांचा अर्थ अधिक उलगडतो. त्या वेळी भूमध्य समुद्राभोवतालचे सारे जग रोमच्या सत्तेखाली आले होते, आणि ग्रीकांच्या देवांनी रोमन नावे घेतली होती. हेराक्लीजचा हर्क्युलिस झाला, अथीनेची मिनर्वा झाली, नायकीची व्हिक्टोरिया झाली. अपोलोने मात्र आपले नाव सोडले नाही.

रोमन गृहस्थाच्या घरातही एक देव्हारा असे. भिंतीतील कोनाड्यात किंवा चित्रात घराचे रक्षण करणारे लार नावाचे देव असत. कोठाराचे देव वेगळे, चुलीची देवता वेगळी, उंबरठ्याचा जानस वेगळा. जेवणातला घास देवाला देण्याची चालही होती. आपल्या आजीला त्या घरात नेऊन सोडले असते, तर भाषा कळली नसती तरी देवघर कोठे आहे हे तिला सांगावे लागले नसते. आणि त्या गृहस्थाच्या बोटात असे अंगठी. तिच्यावर कोरलेला खडा म्हणजे त्याची सही. पत्र त्याच अंगठीने बंद करायचे, करार त्याच अंगठीने पक्का करायचा, मृत्युपत्रावर सात साक्षीदारांनी आपापल्या मुद्रा उमटवायच्या.

ह्या अंगठ्यांवर काय कोरावे ह्याला बंधन नव्हते. सम्राट ऑगस्टस आधी स्फिंक्सची मुद्रा वापरी, पुढे त्याने अलेक्झांडरचे मुख घेतले आणि शेवटी डायोस्कुरिडीझ नावाच्या कारागिराकडून स्वतःचेच मुख कोरवून घेतले. त्याचा सल्लागार मायसीनस ह्याच्या मुद्रेवर बेडूक होता, आणि कर भरण्याची आज्ञा घेऊन हा बेडूक आला म्हणजे लोकांच्या पोटात गोळा येई, असे प्लिनी सांगतो. हाच प्लिनी एके ठिकाणी खेदाने लिहितो, की पूर्वी घरात काहीच बंद करावे लागत नसे. आता मात्र खाण्यापिण्याच्या जिनसांवरदेखील चोरीच्या भयाने अंगठीचा ठसा उमटवावा लागतो. साम्राज्य वाढले, संपत्ती वाढली, घरात गुलामांची गर्दी झाली, आणि धन्याला आपल्याच कोठाराला मोहर करावी लागली. मोहरेची गरज वाढते तेथे विश्वास कमी झालेला असतो, हे त्या जुन्या ग्रंथकाराने अचूक हेरले होते.

इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली पाँपेई शहर गडप झाले. त्या शहरातील लूशियस कायसिलियस यूकुंडस नावाच्या सावकाराच्या घरात १८७५ साली दीडशेहून अधिक लाकडी पाट्या सापडल्या. लिलावात काय विकले, कोणाला किती पैसे पोचले, कोण साक्षीला होते ह्याच्या त्या पावत्या. आपल्याकडील सराफाच्या चोपड्या आणि ह्या पाट्या ह्यांत मला फारसे अंतर दिसत नाही. पाट्या दोरीने बांधून त्यांवर साक्षीदारांच्या मुद्रा उमटवीत. पुढे खोटे दस्तऐवज फार होऊ लागले, तेव्हा नीरोच्या कारकीर्दीत असा नियम झाला, की पाट्यांना भोके पाडून दोरा तीनदा ओवल्यावाचून मोहर करायची नाही. नियमाचा मजकूर वाचताना मला आमच्या खात्याच्या परिपत्रकाची आठवण झाली. माणसाची लबाडी आणि सरकारचे परिपत्रक ह्यांची शर्यत फार जुनी आहे!

ह्या व्यवहारी जगात देव कोठे बसले होते? ते अगदी मधोमध बसले होते. हर्क्युलिस म्हणजे आपल्या भीमासारखा गदाधारी वीर, राक्षसांना मारणारा, बारा अशक्य कामे करून दाखविणारा. पण रोममधील गुरांच्या बाजारात त्याची मोठी वेदी होती, आणि व्यापारी आपल्या नफ्याचा दहावा हिस्सा तिला वाहत. मिनर्वा युद्धाची देवता खरी, पण ती विणकरांची, रंगाऱ्यांची, साऱ्या कारागिरांचीही देवता होती. मार्च महिन्यात तिचा उत्सव हे लोक आनंदाने करीत.

ओव्हिड कवीने तिची एक कथा सांगितली आहे. अरॅक्नी नावाची एक रंगाऱ्याची मुलगी विणकामात इतकी निपुण होती, की आपण मिनर्वेपेक्षा कमी नाही असे ती म्हणू लागली. देवी म्हातारीच्या वेषाने तिला समजावयास गेली, मुलगी ऐकेना. मग दोघींनी समोरासमोर माग लावले. देवीने आपल्या वस्त्रात देवांचा महिमा विणला, तर मुलीने देवांच्या लबाड्या विणल्या. मुलीच्या कामात खोड काढता येईना, म्हणून देवी रागावली आणि तिने ते वस्त्रच फाडून टाकले. अपमानित मुलीने गळफास घेतला, तेव्हा देवीने तिचा कोळी केला. ती अजून विणते आहे. पतंजलीने ‘महाभाष्या’त, लांबीरुंदी सारखी असली तरी काशीच्या वस्त्राची किंमत वेगळी आणि मथुरेच्या वस्त्राची वेगळी, असा बाजारातला दाखला दिला आहे. ज्या नगरीच्या विणकरांचे नाव व्याकरणाच्या ग्रंथातही दाखल झाले, त्या नगरीतील कोणाला ही कथा कळली असती, तर त्याने कोणाची बाजू घेतली असती हे सांगावयास नको.

काशी आणि रोम ह्यांच्या दरम्यान केवढे अंतर! पण मधल्या वाटा मोडलेल्या नव्हत्या. काशीवरून मथुरेकडे आणि तेथून तक्षशिलेकडे एक मोठा मार्ग जाई. दुसरा कौशांबी, विदिशा, उज्जयिनी, माहिष्मती असा उतरत आपल्या पैठणला येऊन मिळे. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्या भरून माल भडोचला येतो, असे ‘पेरिप्लस’कार लिहितो. तेथून जहाजे निघत. भारताच्या व्यापारापायी दरसाल पाच कोटी सेस्टर्स साम्राज्यातून बाहेर जातात, अशी प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे.

मालाबरोबर मूर्तीही फिरल्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात झालेल्या खोदकामात समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती सापडली. ती कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात आहे. समुद्रापासून दूर, पंचगंगेच्या काठी, हा सागराचा स्वामी कोणी कशासाठी ठेवला होता? उलट, १९३८ साली पाँपेईच्या राखेतून हस्तिदंताची एक भारतीय सुंदरी निघाली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंस दासी. तिच्यासारख्याच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. ज्या रोमन घरात ती होती, तेथे तिला यक्षी म्हणून कोणी ओळखले असेल असे वाटत नाही. ती एखाद्या आसनाचा किंवा आरशाचा भाग असावी. तेरला तर रोमन नाण्यांची मातीची प्रतिकृती करून, तिला भोक पाडून ती गळ्यात घालीत. तिबेरियसचे मुख आपल्या मराठवाड्यातल्या एखाद्या बाईच्या गळ्यात! तिला सम्राट ठाऊक असण्याचे कारण नाही. तिला ते पदक आवडले होते.

देवाची मूर्ती आपला देश सोडते, तेव्हा पुष्कळदा तिची कथा मागे राहते. बरोबर येते ती घडण, आणि त्या घडणीभोवतालची प्रतिष्ठा. काशीच्या व्यापाऱ्याला अथीना कोणाची कन्या, ती कोणाच्या मस्तकातून शस्त्रासह जन्मली, हे माहीत असेलही, नसेलही. पण हा ठसा पाहिला की पलीकडचा माणूस गाठ न सोडता माल घेतो, एवढे त्याला माहीत होते. पुराणातून निघालेली देवता कारागिराच्या हाताने कलेत आली, आणि कलेतून ती बाजारात, रोजच्या विश्वासात येऊन बसली.

विश्वास म्हटला की विश्वासघात आलाच. ह्याही बाबतीत दोन्ही देशांच्या कवींना एकच गोष्ट सुचावी, ही मोठी मौज आहे. रोमन नाटककार प्लॉटस ह्याच्या ‘कर्क्युलियो’ नाटकात एक खुशालचेंडू फासे खेळता खेळता एका सैनिकाची अंगठी लांबवितो आणि तिच्या ठशाने खोटे पत्र करून सावकाराकडून काम साधतो. आपल्या विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त अमात्य राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती पडते आणि तिच्या बळावर लिहविलेल्या एका पत्राने साऱ्या राजकारणाचा डाव उलटतो. रोमन नाटकात प्रेक्षक हसतो. संस्कृत नाटकात एका निष्ठावंत मंत्र्याला आपल्याच अंगठीने हरताना पाहून तो अंतर्मुख होतो. मात्र आपल्याकडे अंगठीला आणखी एक काम आहे. अशोकवनात हनुमंताने सीतेपुढे ठेवली ती रामनामांकित अंगठीच, आणि दुष्यंताची हरवलेली स्मृती परत आली तीही अंगठी पाहूनच. तेथे मुद्रा मालाची ग्वाही देत नाही, माणसाची देते.

राजघाटच्या वरच्या थरांतील मुद्रांवर ग्रीक देवता नाहीत. गुप्तकाळातील कित्येक ठशांवर ‘अविमुक्तेश्वर’ हे नाव आहे. विश्वेश्वराचे माहात्म्य पुढे वाढले, पण त्या काळी काशीचा मुख्य शिव अविमुक्तेश्वर होता असे ह्या मुद्रांवरून दिसते. देवस्थानाचा कारभार होता, पत्रे जात होती, माल येत होता, आणि देव स्वतःच्या नावाची मोहर करीत होता. दुसऱ्या एका मुद्रेवरील अक्षरे वाचून मात्र मी दालनात क्षणभर थबकलो. ‘वाराणस्यधिष्ठानाधिकरणस्य’. अधिष्ठान म्हणजे नगर, अधिकरण म्हणजे कार्यालय. वाराणसी नगर कार्यालयाची मुद्रा! सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी ह्या उंचवट्यावर एक कचेरी होती. तेथे अर्ज येत असतील, माणसे ताटकळत असतील, ‘साहेब आज नाहीत’ असे त्यांना कोणी सांगत असेल, आणि संध्याकाळी कोणी लेखनिक ओल्या मातीवर हा शिक्का दाबून घरी जात असेल. इतक्या दूरचा भाऊबंद मला ह्यापूर्वी भेटला नव्हता.

ह्या भाऊबंदापुढे मला माझी एक चूक आठवली. नोकरीची पहिली दोन वर्षे होती. टेबलावर कागदांची चळत असे आणि ती संध्याकाळपर्यंत खाली आणणे म्हणजेच कर्तव्य, असे मला वाटे. एका दिवशी अशाच घाईत एका उताऱ्यावर मी ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून सही केली. मूळ कागदाशी तो ताडून पाहिला नाही. त्यात बापाच्या नावातील एक अक्षर चुकले होते. त्या एका अक्षरापायी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला पुढे कित्येक महिने हेलपाटे घालावे लागले. शेवटी तो माझ्याकडेच आला. त्याने तक्रार केली नाही. कागद पुढे ठेवून तो एवढेच म्हणाला, ‘साहेब, तुमचा शिक्का होता म्हणून आम्ही वाचलं नाही.’ चूक मी लगेच दुरुस्त केली. पण ते वाक्य काही दुरुस्त करता आले नाही.

त्या शिक्क्यावर कोणते चित्र होते, हे सांगितले पाहिजे. त्यावर सिंह होते. राजघाटाहून सारनाथ फार दूर नाही. तेथे १९०४-०५ साली ओर्टेल ह्यांच्या उत्खननात अशोकाच्या स्तंभाचे शीर्ष निघाले. चुनारच्या दगडाचे, आरशासारखी झिलई असलेले, पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. खाली हत्ती, बैल, घोडा, सिंह आणि त्यांच्यामध्ये चक्रे. धर्मचक्र जेथे प्रथम फिरले त्या जागेची ती खूण. त्या झिलईत आणि सिंहांच्या घडणीत इराणी शिल्पाची छाया अनेक अभ्यासकांना दिसली आहे; म्हणजे हे सिंहही काही वाट चालून आले असावेत. २६ जानेवारी १९५० रोजी ते आपल्या राष्ट्राचे चिन्ह झाले आणि त्यांच्या पायाशी मुंडकोपनिषदातील सत्याच्या विजयाचे वचन आले. आज ते नाण्यावर आहेत, पारपत्रावर आहेत, तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत नाना कागदांवर आहेत. रोज ते पाहणाऱ्या किती जणांना सारनाथ आठवते? अथीनेचा शिक्का वापरणाऱ्या काशीच्या व्यापाऱ्याला आपण हसू नये. चिन्हाची कथा विसरूनही आपण सारे त्याच्या बळावर व्यवहार करतो.

कथा विसरली तरी चालते; पण शिक्का दाबणाऱ्या हाताने काय विसरू नये, हे मला त्या म्हाताऱ्याने आणि राजघाटच्या मातीने मिळून शिकविले. मोहर म्हणजे पलीकडच्या माणसाला दिलेला शब्द. ‘तू उघडून पाहू नकोस, तुझ्या वतीने मी पाहिले आहे,’ असा तो शब्द. त्यावर अथीना असो, अविमुक्तेश्वर असो, की चार दिशांना पाहणारे सिंह असोत. देवता फक्त साक्षीला असते. पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते. ते केले नाही तर पुराण, कला आणि राजसत्ता ह्या तिघांची पुण्याई त्या मातीच्या गोळ्याला वाचवू शकत नाही.

माझे वडील गेले त्या रात्री देव्हाऱ्यातील तो गडू मी खाली काढला. आजी केव्हाच निवर्तली होती. झाळलेले तोंड उघडायला वेळ लागला; हात कापत होते. आत जेमतेम चार पळ्या पाणी निघाले. वडिलांच्या ओठांवर ते घालताना, हे खरेच गंगेचे का, हा लहानपणीचा प्रश्न मनात आला नाही. कधी काळी काशीच्या कोणा एका गल्लीत, कोणा एका अनोळखी कासाराने, आमचे कोणाचेही नाव ठाऊक नसताना, तो गडू भरून त्याचे तोंड बंद केले होते. त्याने ते नीट केले असणार, एवढेच मला त्या वेळी वाटले.

दुसऱ्या आठवड्यात कामावर रुजू झालो, तेव्हा टेबलावर नेहमीप्रमाणे कागदांची चळत होती. शिक्का बाजूला ठेवला आणि वरचा कागद मी पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतला.